उदगीरचं येसर बीदरला का जात नाही?

गेल्या हिवाळ्यात मी एक साधा तक्ता करायला बसले होते. साधा म्हणजे मला तो साधा वाटला होता. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत डाळी, तेलबिया आणि त्यांच्यापासून तयार होणारे पदार्थ यांचा व्यापार गेल्या सत्तर वर्षांत कसा बदलला, हे बाजार समित्यांचे आकडे आणि विक्रीकराच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून बघायचं होतं. माझी एम.एस्सी. संख्याशास्त्रातली. आकड्यांची भीती नव्हती. पण तक्ता १९५६ ला तुटला, १९६० ला तुटला, २००५ ला तुटला आणि २०१७ नंतर तर जोडता जोडता हात दुखायला लागले. गाईड सरांकडे घेऊन गेले. त्यांनी तक्त्याकडे बघितलंच नाही. म्हणाले, "हे आकडे मोजले कोणी, कुठं उभं राहून मोजले, ते आधी सांग." मला सांगता येईना.

हा लेख त्या प्रश्नाच्या मागे लागून लिहिलेला आहे. तुमच्यापैकी जे पेट, सेट, नेटच्या तयारीत आहेत आणि "विषय कसा सापडतो हो?" असं मला विचारतात, त्यांच्यासाठी आधीच सांगते की माझा हा विषय मला लायब्ररीत सापडला नाही. मावशीच्या स्वयंपाकघरात सापडला.

मावशी उदगीरला राहते. येसर, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट असलं करून विकते. (मराठवाड्याबाहेरच्या वाचकांसाठी : येसर म्हणजे भाजलेली धान्यं, डाळी आणि मसाले दळून केलेलं पीठ. पाण्यात कालवून फोडणी दिली की आमटी तयार. लग्नाच्या पंगतीत आमच्याकडे हीच आमटी.) २०१९ मध्ये तिच्या मुलानं तिचा माल एका ऑनलाइन बाजारपेठेवर लावायचं ठरवलं. फूड लायसन्स झालं, फोटो झाले, पाकिटं झाली. फॉर्म भरताना पहिल्याच पानावर जीएसटी क्रमांक मागितला. मावशीला कुणीतरी सांगितलेलं होतं की चाळीस लाखांच्या आत जीएसटी लागत नाही. ती म्हणाली, "चाळीस लाख राहू दे, चाळीस हजार झाले तरी मी देवीला साडी नेसवते." सी.ए.नं समजावलं : दुकानात विकलंत तर चाळीस लाख, ऑनलाइन विकलंत तर पहिल्या रुपयापासून नंबर.

हे मला त्या वेळी सरळसरळ अन्याय वाटलं होतं. आता तेवढं सरळ वाटत नाही, पण अन्याय नव्हता असंही म्हणणार नाही. ते का, ते सांगायला मागं जावं लागेल.

मागं म्हणजे निजामाच्या राज्यात. नांदेड हा हैदराबाद संस्थानातला जिल्हा. लातूर हा उस्मानाबाद जिल्ह्यातला तालुका (लातूर जिल्हा झाला ऑगस्ट १९८२ मध्ये). आणि उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तिन्ही तालुके बीदर जिल्ह्यात. माझ्या आजीचा जन्म उदगीरचाच, पण तिच्या बोलण्यात "जिल्ह्याला जाऊन येते" म्हणजे बीदरला. हे लक्षात ठेवा, शेवटी कामाला येणार आहे.

त्या राज्यात विक्रीवर कर नव्हता, सीमेवर होता. त्या खात्याचं नाव करोडगिरी. ब्रिटिश मुलखातून कापड, भांडी, यंत्रं आली की नाक्यावर माल उघडायचा, किंमत धरायची, जकात घ्यायची. १८०२ च्या व्यापारी तहापासून शेकडा पाच हा दर रूढ होता. मोजणारा माणूस कुठं उभा होता? नाक्यावर. नाक्याच्या आत कोण कोणाला काय विकतो याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. म्हणून त्या काळच्या करोडगिरीच्या आकड्यांत नांदेड-उदगीर असा व्यापार दिसतच नाही. तो नव्हता म्हणून नव्हे, मोजणारा तिथं नव्हता म्हणून.

शाळेत आपण नळातून वाहणारं पाणी मोजायचा प्रयोग केलेला असतो. मीटर कुठं बसवतात? हौदात नाही, चिंचोळ्या जागी. करवसुलीचा इतिहास मला बराचसा या मीटरच्या जागेचा इतिहास वाटतो. सरकार बदलतं, कायद्याचं नाव बदलतं, पण सगळा माल जिथून जातो आणि जिथं मोजकीच माणसं बसलेली असतात अशी जागा शोधणं काही थांबत नाही.

दुसरी चिंचोळी जागा आमच्याकडे होतीच : अडत. लातूरच्या मोंढ्यात तुम्ही कधी हंगामात गेला असाल तर हे चित्र माहीत असेल. शेतकरी तूर किंवा सोयाबीन घेऊन येतो, अडत्याच्या दुकानापुढं ढीग पडतो, खरेदीदार फिरत फिरत येतात, सौदा होतो, हमाल पोती भरतात, तोलाई होते आणि संध्याकाळी अडत्या शेतकऱ्याच्या हातात पट्टी ठेवतो. एवढे क्विंटल, एवढा भाव, त्यातून हमाली गेली, तोलाई गेली, आधी उचल घेतली असेल तर ती गेली, उरले एवढे. शेतकऱ्यानं कोणाला विकलं? बहुतेक वेळा त्याला नाव माहीत नसतं. खरेदीदारानं कोणाकडून घेतलं? त्यालाही. दोघांच्या मधे अडत्या. माल त्याचा नाही, पण सौदा त्याच्या पेढीवर आणि पैसा त्याच्या हातातून.

या व्यवहाराला शिस्त लावायला हैदराबाद संस्थानानं कृषी बाजाराचा कायदा केला तो १३३९ फसलीत. इथं एक छोटी सूचना. हैदराबादची जुनी कागदपत्रं बघणार असाल तर फसली सनाची सवय करून घ्या. ढोबळ हिशोब म्हणजे फसलीत ५९० मिळवा : १३३९ म्हणजे १९२९-३०. हैदराबादचं फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू होतं, म्हणून एकाच फसली सनात दोन इसवी वर्षं अडकतात. माझ्या पहिल्या तक्त्यात मी हे विसरले होते आणि एका दुष्काळाचं वर्ष चक्क पुढं सरकवलं होतं.

विक्रीकर मात्र आमच्याकडे उशिरा आला. १९३५ च्या भारत सरकार कायद्यानं वस्तूंच्या विक्रीवर कर लावायचा अधिकार प्रांतांना दिला. मद्रास प्रांतात राजगोपालाचारींच्या सरकारनं दारूबंदीमुळे बुडणारं उत्पन्न भरून काढायला १९३९ मध्ये सर्वसाधारण विक्रीकर लावला. मुंबई प्रांतात तो १९४६ मध्ये आला. हैदराबाद संस्थान सप्टेंबर १९४८ मध्ये भारतात विलीन झालं, १९५० मध्ये त्याचं आर्थिक एकीकरण झालं, करोडगिरीचे नाके टप्प्याटप्प्यानं उठायला लागले आणि त्याच वर्षी हैदराबाद सर्वसाधारण विक्रीकर कायदा आला. म्हणजे मीटर राज्याच्या सीमेवरून उचलून दुकानात आणून ठेवला.

आणि दुकानात आणल्याबरोबर भांडण सुरू झालं : विक्री झाली कुठं?

हा प्रश्न आज ऑनलाइन खरेदीमुळे निर्माण झाला असं आपल्याला वाटतं. तसं अजिबात नाही. टपाल खात्याची व्ही.पी. पद्धत १८७७ पासून चालू होती. जाहिरात बघून पत्र टाकायचं, पोस्टमन पार्सल आणणार, पैसे मोजून घेणार आणि विकणाऱ्याला पोचवणार. घड्याळं, औषधं, पुस्तकं सगळं असंच यायचं. ऑनलाइन बाजारातली कॅश ऑन डिलिव्हरी म्हणजे दुसरं काय? टपाल खातंही मधला माणूसच होतं, पैसाही त्याच्याच हातून जात होता. पण विक्रीकर गोळा करायची जबाबदारी त्याच्यावर नव्हती.

संविधानाच्या अनुच्छेद २८६ मध्ये तेव्हा एक स्पष्टीकरण होतं : माल ज्या राज्यात वापरासाठी प्रत्यक्ष पोचवला गेला, तिथं विक्री झाली असं धरायचं. १९५३ मध्ये मुंबई राज्य विरुद्ध युनायटेड मोटर्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं याचा अर्थ असा लावला की माल जिथं पोचला ते राज्य बाहेरच्या विक्रेत्याकडूनही कर घेऊ शकतं. ते ऐकल्यावर राज्यांनी दूरदूरच्या व्यापाऱ्यांना नोटिसा काढायला सुरुवात केली. बंगाल इम्युनिटी ही कलकत्त्याची लस आणि औषधं करणारी कंपनी. तिचं बिहारमध्ये ऑफिस नव्हतं की गोदाम नव्हतं, तरी बिहारनं तिच्याकडून कर मागितला. कंपनी न्यायालयात गेली आणि सप्टेंबर १९५५ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठानं चार विरुद्ध तीन अशा मतांनी आधीचा निकाल फिरवला : आंतरराज्य विक्रीवर कर लावायचा तर संसदेनं कायदा करायला हवा, राज्यांनी परस्पर नाही.

मला हा निकाल वाचताना गंमत वाटली ती चार-तीनची. सात विद्वान माणसांत इतकं चुरशीचं मतविभाजन झालं, कारण दोन्ही बाजूंत तथ्य होतं. माल वापरणारा बिहारी माणूस, रस्ते बिहारचे, मग कर बंगालला का? पण छोट्या विक्रेत्यानं देशातल्या प्रत्येक राज्यात नोंदणी करून प्रत्येकाचं रिटर्न भरायचं का? शेवटी १९५६ मध्ये सहावी घटनादुरुस्ती झाली, केंद्रीय विक्रीकर कायदा आला आणि १ जुलै १९५७ पासून आंतरराज्य विक्रीवर कर सुरू झाला, दर सुरुवातीला शेकडा एक. तो केंद्राच्या नावानं लागायचा, पण गोळा करून ठेवून घ्यायचं माल जिथून निघाला त्या राज्यानं. विक्रेत्यानं आपल्याच राज्यात हिशोब द्यायचा.

पुढं अमेरिकेतही हेच भांडण झालं. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १९९२ च्या क्विल खटल्यात म्हटलं होतं की ज्या राज्यात विक्रेत्याचं दुकान, माणूस काहीच नाही, ते राज्य त्याला विक्रीकर गोळा करायला लावू शकत नाही. जून २०१८ मध्ये साउथ डकोटा विरुद्ध वेफेअर खटल्यात ते मत सोडून दिलं. त्यानंतर तिथल्या राज्यांनी भराभर कायदे केले की ऑनलाइन बाजारपेठ चालवणाऱ्या कंपनीनंच, तिच्यावर विकणाऱ्या हजारोंच्या वतीनं, ग्राहकाकडून पूर्ण कर घ्यायचा आणि भरायचा. आपण तो रस्ता घेतला नाही. त्याकडे येते.

आधी १९५६. १ नोव्हेंबरला हैदराबाद राज्य मोडलं. मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. नांदेड जिल्ह्यातले मुधोळ आणि भैंसा तेलुगू भागात गेले, आदिलाबादचं किनवट इकडे आलं, बीदरचे उदगीर, निलंगा, अहमदपूर आपल्यात आले. पण कायदे माणसांबरोबर लगेच बदलत नाहीत. नव्या मुंबई राज्यात एकाच वेळी मुंबईचा १९५३ चा विक्रीकर, विदर्भात मध्य प्रांत-वऱ्हाडचा १९४७ चा आणि मराठवाड्यात हैदराबादचा १९५० चा असे वेगवेगळे कायदे चालू राहिले. सगळे रद्द करून एकच मुंबई विक्रीकर कायदा १ जानेवारी १९६० पासून लागू झाला. माझा तक्ता १९५६ ला आणि १९६० ला का तुटला ते इथं कळलं. पहिल्यांदा जिल्ह्याची हद्द बदलली, दुसऱ्यांदा करपात्र कोण याची व्याख्या बदलली. व्यापार बहुधा त्याच गतीनं चालू होता.

या नव्या चौकटीत अडत्याचं काय झालं? शेतकऱ्याला कायद्यानं सोडून दिलं : स्वतःच्या शेतात पिकवलेलंच विकतो तो व्यापारी नाही. पण दुसऱ्या व्यापाऱ्याचा माल आपल्या पेढीवर विकून देणारा अडत्या मात्र कायद्याच्या नजरेत व्यापारीच. मूळ मालक आणि अडत्या दोघंही करासाठी संयुक्तपणे आणि पृथकपणे जबाबदार. सोप्या भाषेत : सरकार दोघांपैकी कोणालाही धरू शकतं, आणि एकानं भरला की दुसरा सुटला. १ एप्रिल २००५ ला व्हॅट आला तरी ही कल्पना टिकली. आजच्या जीएसटी कायद्याच्या कलम ८६ मध्येही ती जवळजवळ तशीच आहे. मूळ मालक परगावचा असला, त्याचा ठावठिकाणा नसला, तरी पेढी मोंढ्यातून उठून कुठं जाते?

आता अडत्याच्या जागी कॉम्प्युटरचा पडदा ठेवा.

२०१० नंतर ऑनलाइन बाजारपेठा वाढल्या आणि राज्यांच्या विक्रीकर खात्यांना जुनाच प्रश्न नव्यानं पडला. २०१४ मध्ये कर्नाटकात अमेझॉनच्या गोदामावरून वाद झाला. अनेक छोटे विक्रेते आपला माल कंपनीच्या गोदामात ठेवत, ऑर्डर आली की तिथूनच माल जाई. कंपनीचं म्हणणं : आम्ही विकत नाही, फक्त सेवा देतो. खात्याचं म्हणणं : माल तुमच्या गोदामात, पॅकिंग तुमचं, पैसा तुमच्या हातून, म्हणजे तुम्ही अडत्ये. शब्द अगदी मोंढ्यातले. केरळानं त्याच सुमारास ऑनलाइन कंपन्यांना दंड लावले, ते तिथल्या उच्च न्यायालयानं २०१५ मध्ये रद्द केले, कारण त्या आंतरराज्य विक्री होत्या आणि त्यांच्यावरचा कर केरळाचा नव्हताच. बंगाल इम्युनिटीची साठ वर्षांनंतरची आवृत्ती म्हणा.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि 'विक्री कुठं झाली' या भांडणाचा निकाल १९५३ च्या बाजूनं लागला : कर माल जिथं पोचतो त्या राज्याचा. पण १९५५ ची काळजीही सांभाळली. विक्रेत्यानं आपल्या राज्यात एकच नोंदणी करायची, एकात्मिक कर भरायचा, वाटणी सरकारांनी आपापसात करायची. हे मला खरंच हुशारीचं वाटतं. (एक अपवाद : तुम्ही तुमचा माल कंपनीच्या दुसऱ्या राज्यातल्या गोदामात ठेवलात, तर त्या राज्यात वेगळी नोंदणी. भिवंडीच्या गोदामात ठेवलात तर आपल्याच नोंदणीत तो पत्ता जोडला की झालं.)

बाजारपेठ चालवणाऱ्या कंपनीला कायद्यानं दोन प्रकारे धरलं. काही सेवांसाठी, कलम ९(५) खाली, पूर्ण कर कंपनीनंच भरायचा. १ जानेवारी २०२२ पासून हॉटेलच्या जेवणाचं तसं झालं : नांदेडच्या एखाद्या खानावळीत ॲपवरून ऑर्डर आली तर त्या जेवणावरचा जीएसटी ॲपवाली कंपनी भरते. वस्तूंसाठी मात्र वेगळं. तिथं कर विक्रेत्यानंच भरायचा, कंपनीनं फक्त करपात्र विक्रीच्या शेकडा एक एवढी रक्कम कापून सरकारकडे जमा करायची. हे कलम ५२, बोलीत टीसीएस. १० जुलै २०२४ पासून तो दर अर्धा टक्का झाला. ही कापलेली रक्कम बुडत नाही, पोर्टलवर जाऊन मान्य केली की विक्रेत्याच्या खात्यात येते आणि कर भरायला वापरता येते. आयकराचं कलम १९४-ओ वेगळं, १ ऑक्टोबर २०२० पासूनचं. त्याची गल्लत करू नका, परीक्षेतही करतात.

मग एक टक्का कापून सरकारला मिळालं काय? पैसे फारसे नाहीत, ते तर विक्रेत्याच्या खात्यात परत जातात. मिळाली ती यादी. कोण, किती, कोणत्या महिन्यात. करोडगिरीच्या नाक्यावरचा कारकून जे वहीत लिहायचा, ते आता कंपनी दर महिन्याच्या १० तारखेपर्यंत विवरणपत्रात लिहून देते. मीटर परत चिंचोळ्या जागी बसला.

पण यादी करायची तर यादीतल्या प्रत्येकाला क्रमांक हवा. म्हणून कलम २४ नं सांगितलं की अशा बाजारपेठेवरून विकणाऱ्यानं उलाढाल कितीही असो, नोंदणी करायचीच. इथं मावशी सापडली.

संशोधन करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. माझ्या पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं की ही सक्ती १ जुलै २०१७ पासून होती. कायद्याच्या पुस्तकात तसंच दिसतं. सरांनी विचारलं, "कलम लिहिलं कधी आणि लागू कधी झालं?" शोधलं तर कलम ५२ ची अंमलबजावणी जून २०१७ मध्येच पुढं ढकलली होती, ती प्रत्यक्षात आली १ ऑक्टोबर २०१८ ला, आणि नोंदणीची सक्ती त्या कलमाला जोडलेली होती. तेव्हा कायदा वाचताना मंजुरीची तारीख, अंमलाची तारीख आणि नंतरच्या अधिसूचना या तीन गोष्टी तीन रंगांत लिहून ठेवा. मी आता तसंच करते.

तर ऑक्टोबर २०१८ ते सप्टेंबर २०२३, पाच वर्षं. या काळात परिस्थिती अशी होती : उदगीरच्या आठवडी बाजारात येसर विकणाऱ्या बाईला १ एप्रिल २०१९ पासून चाळीस लाखांपर्यंत काही नाही. तेच येसर, तीच बाई, फोनवरून विकलं तर पहिल्या पाकिटापासून नोंदणी, रिटर्न, कर. आणि एकदा नोंदणी झाली की आठवडी बाजारातल्या विक्रीवरही कर. छोट्या व्यापाऱ्यांसाठी सोपी कंपोझिशन योजना होती, पण ऑनलाइन बाजारपेठेवर वस्तू विकणाऱ्याला ती बंद. सेवा देणाऱ्यांना मात्र नोव्हेंबर २०१७ मध्येच वीस लाखांपर्यंत सूट मिळालेली. म्हणजे ऑनलाइन शिकवणी घेणारा सुटला, चटणीवाली अडकली.

मावशीनं नंबर घेतला. पहिले काही महिने ऑर्डरी आल्या, मग कमी झाल्या, मग काही महिने शून्य. शून्य विक्रीचंही रिटर्न भरावं लागतं आणि उशीर झाला तर दिवसाला २० रुपये विलंब शुल्क, हे तिच्या मुलाला उशिरा कळलं. तो तेव्हा पुण्यात नोकरीला लागलेला. पाकीट विकून जे सुटतं त्यापेक्षा जास्त रक्कम न विकल्याबद्दल भरावी लागली. नंबर बंद करून घेतला तेव्हा मावशी म्हणाली, "अडत्या बरा, निदान उधारीवर तरी ऐकतो."

तिचं हे वाक्य मी डायरीत लिहून ठेवलं आहे, कारण तिनं नकळत फरक नेमका सांगितला. अडत्यावर जबाबदारी टाकली तेव्हा तो ती स्वतःच्या पेढीवर सोसत होता : कायदा माहीत असलेला मुनीम त्याचा, वही त्याची, चूक झाली तर नोटीस त्याला. शेतकऱ्याला पट्टी वाचता आली की पुरे. ऑनलाइन बाजारात मधल्या माणसाला मोजायचं काम दिलं, पण भरायचं, रिटर्नचं आणि चुकीचं ओझं खाली विक्रेत्याकडेच ठेवलं. उलट बाजूही मान्य करते. या सक्तीआधी ऑनलाइन विक्री करणारे मोठमोठे विक्रेतेही छोटे असल्याचं दाखवून निसटत असणार, आणि क्रमांकाशिवाय ते पकडायचे कसे? पण जाळ्याची भोकं एवढी बारीक केली की येसरच्या पाकिटाएवढा मासाही सुटला नाही.

१ ऑक्टोबर २०२३ पासून भोकं मोठी झाली. ३१ जुलै २०२३ च्या अधिसूचनेनं सांगितलं की ज्यांची उलाढाल मर्यादेच्या आत आहे त्यांना वस्तू ऑनलाइन विकायला नोंदणीची गरज नाही. पोर्टलवर पॅन देऊन एक नावनोंदणी क्रमांक घ्यायचा, बस. रिटर्न नाही, टीसीएस कापणं नाही. कंपोझिशनवाल्यांनाही दार उघडलं. मावशीच्या मुलानं पुण्याहून बसल्या बसल्या क्रमांक काढून दिला.

फक्त एक अट : विक्री आपल्याच राज्यात करायची. नावनोंदणी एकाच राज्यात, आणि अशा विक्रेत्याचा माल राज्याबाहेर जाऊ देणार नाही ही जबाबदारी कंपनीवर. म्हणजे मावशीचं येसर पुण्याला जातं, नाशिकला जातं, सिंधुदुर्गालाही जाईल. बीदरला जात नाही. धर्माबादच्या मिरचीवाल्याचा माल मुंबईला जातो, पुढच्याच बासरला जात नाही.

नकाशा उघडून बघा म्हणजे हे किती विचित्र आहे ते कळेल. १९५० च्या कायद्याखाली उदगीर आणि बीदर एकाच राज्यात, एकाच जिल्ह्यात. पुणं दुसऱ्या राज्यात, मधे करोडगिरीचा नाका. आजीच्या लहानपणी उदगीरहून पुण्याला माल पाठवणं म्हणजे परदेशी पाठवण्यासारखं होतं, आणि बीदरला पाठवणं म्हणजे जिल्ह्याला जाणं. आज बरोबर उलटं. सीमाभागातल्या छोट्या विक्रेत्याचं गिऱ्हाईक बहुतेकदा सीमेपलीकडे असतं, कारण नातीगोती, देवस्थानं, बाजार, खाण्याच्या सवयी सगळं १९५६ च्या आधीचं आहे. येसरची चव बीदरच्या मराठी घरांत जितकी माहीत आहे तितकी पुण्यात नाही. मुंबईत बसून 'राज्यांतर्गत' हा शब्द लिहिणाऱ्याला तो मोठा वाटतो, देगलूर, किनवट, उदगीरच्या माणसाला अर्धा बाजार कापल्यासारखा. माझ्या मते छोट्या वस्तुविक्रेत्यांची ही अट जायला हवी. एकात्मिक कराची वाटणी करणारी यंत्रणा आहेच, आणि कंपनीकडे प्रत्येक पार्सलचा पत्ताही आहे.

डाळीच्या पाकिटाचीही अशीच एक गोष्ट आहे, ती थोडक्यात. लातूरची सुटी तूरडाळ करमुक्त, पण १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पाकिटावर ५ टक्के. ऑनलाइन विकायचं तर पाकीट आणि लेबल लागणारच. म्हणजे मोंढ्यातून फोनमध्ये गेल्याबरोबर डाळीचा वर्ग बदलतो. २०२२ नंतरचा डाळीचा आकडा माझ्या तक्त्यात फुगलेला दिसत होता त्याचं एक कारण हे निघालं. डाळ वाढली नव्हती, लेबल वाढली होती.

तक्ता आता मी नव्यानं केला आहे. प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर वर्षाबरोबर 'मोजणारा' अशी एक ओळ जोडली : करोडगिरी नाका, विक्रीकर कार्यालय, अडत पेढी, ऑनलाइन कंपनी. २०१८-२३ च्या रकान्याला वेगळी टीप आहे की यात विक्री न झालेले विक्रेतेही नोंदवलेले आहेत, आणि २०२३ नंतरच्या रकान्याला टीप आहे की यात छोटे विक्रेते नोंदणीच्या बाहेर गेले आहेत. दोन्ही ठिकाणी रेघ खाली-वर होते, पण ती व्यापाराची नाही. सरांनी या वेळी तक्ता वाचला.

मागच्या महिन्यात मावशीचा फोन आला होता. बीदरला तिची बहीण आहे, तिनं दोन किलो येसर मागवलं होतं. मावशीनं मला विचारलं, तू एवढं कायद्याचं वाचतेस, तर पाठवू का नको? मी तिला सगळं सांगायला लागले, की पैसे घेऊन पाठवलंस तर ती आंतरराज्य विक्री, मग ऑनलाइन असो की एसटीच्या पार्सलनं, नोंदणी लागते, आणि फुकट पाठवलंस तर विक्रीच नाही.

"तिच्याकडनं पैसे कोण घेतंय," ती म्हणाली आणि फोन ठेवला.